भाकरीची वसुली

२०२० च्या टाळेबंदीतले पहिले आठवडे. आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, शेजारच्या वस्तीत शिधा वाटायचं ठरवलं होतं. एका पिशवीत पाच किलो पीठ, किलोभर तूरडाळ, लिटरभर तेल, मीठ, मिरची पावडर आणि साबणाची एक वडी. आम्ही सात-आठ जण पहाटेपासून पिशव्या भरत होतो. दहाच्या सुमारास वाटप सुरू झालं आणि कुणीतरी म्हणालं, "प्रत्येकाचा फोटो घ्या, देणगीदारांना पाठवायचाय." रांगेत चाळिशीची एक बाई होती. चार घरची धुणीभांडी करायची, टाळेबंदीत चारही घरं सुटली होती. तिचा नंबर आला तेव्हा तिनं एका हातानं पिशवी धरली आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडावर ओढला. मास्क होताच, त्यावर पदर. फोटो काढणारा मुलगा म्हणाला, "मावशी, जरा इकडं बघा." तिनं बघितलं नाही. "घ्या की आता," एवढंच म्हणाली. त्यानं फोटो घेतला. मी दोन पावलांवर उभी होते आणि गप्प राहिले.

वाटपाआधी तासभर आम्ही त्याच आवारात गोल उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हटली होती. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." देवानं आमच्याकडे त्या भाकरीबद्दल काहीच मागितलं नव्हतं. आम्ही मात्र पुढच्या माणसाला ती देताना त्याचा चेहरा मागून घेतला.

तेव्हापासून मला एक गोष्ट सतत बोचते आहे. आम्ही ख्रिस्ती लोक 'देवावर विसंबून राहणं' हे शब्द फार सहज वापरतो. साक्षीत वापरतो, प्रार्थनेत वापरतो, आजारी माणसाच्या उशाशी बसून वापरतो. ती जणू प्रत्येकाच्या मनातली खासगी बाब असते. मला वाटतं, ती खासगी नाही. माणूस खरंच देवावर विसंबून आहे की नाही हे त्यानं केलेल्या सेवेत उघड दिसतं. ज्याचा भरवसा देवावर आहे त्याला भुकेल्याकडून कसलीच वसुली करावी लागत नाही. फोटो नाही, आभार नाहीत, मत नाही आणि बाप्तिस्माही नाही. जिथं वसुली आहे तिथं भरवसा दुसऱ्याच कशावर तरी आहे.

हे मी पुस्तकी बोलत नाही. महाराष्ट्राच्या मातीत हा प्रश्न एका बाईनं आयुष्यभर अंगावर घेतला होता, आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय मला तो नीट मांडताच येत नाही.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला, गंगामूळच्या रानात आश्रम बांधून राहिलेला विद्वान माणूस. पुढं हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत, पुराणं सांगत दक्षिणेत फिरत राहिलं. दुष्काळ पडला तेव्हा गाठीला असलेलं सगळं दानधर्मात, पूजाअर्चेत, व्रतांत गेलं. देव सांभाळील ही श्रद्धा होती. अंगमेहनतीचं काम करायला मात्र कुणी धजलं नाही, कारण पोथी वाचणाऱ्या घरानं मजुरी कशी करायची? भीक मागायचीही लाज. १८७४ साली वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मग थोरली बहीण. सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास उरले. ही दोघं पुढं देशभर पायी हिंडली. उत्तरेत एकदा थंडीत पांघरायला काही नव्हतं म्हणून नदीकाठच्या वाळूत दोन खड्डे खणले, त्यात आडवं होऊन वरून वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. हे रमाबाईंनी स्वतःच पुढं लिहून ठेवलं आहे.

मी याकडे हिंदू श्रद्धेचा दोष म्हणून बघत नाही, आणि कुणी तसं वाचू नये. आमच्या घराघरांत हेच चालतं, फक्त शब्द ख्रिस्ती असतात. साखरेची गोळी बंद करून 'विश्वासानं' बरं होण्याची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत. पोराच्या फीचे पैसे आशीर्वादाच्या आशेनं भलत्याच सभेत अर्पण करून आलेली माणसंही पाहिली आहेत. देणाऱ्याच्या गळ्यात देवाचं नाव घालून त्याचा खिसा मोकळा करणारे उपदेशक आपल्याकडे कमी नाहीत. हे देवावर विसंबणं नाही. याला देवाशी सौदा म्हणतात. सौदा फिसकटला की माणूस एक तर देवाला सोडतो नाही तर स्वतःला दोष देत बसतो.

रमाबाईंच्या बाबतीत मला थक्क करतं ते हे की जिनं विसंबण्याचा असा शेवट डोळ्यांनी पाहिला, तिनंच पुढं, ख्रिस्ती झाल्यावर, पुन्हा विसंबायचं ठरवलं. अगदी वेगळ्या रीतीनं. १८८९ साली मुंबईत विधवा मुलींच्या शिक्षणासाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं तेव्हा त्यामागं अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचं पाठबळ होतं. वचन दहा वर्षांचं होतं. दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर होता. त्या काळात त्यांनी जॉर्ज म्युलर, हडसन टेलर, जॉन पेटन या ख्रिस्ती सेवकांची चरित्रं वाचली आणि यांच्यासारखंच आपणही देवावर भार टाकावा असं त्यांच्या मनानं घेतलं. पण त्याचबरोबर त्यांनी केलं काय? पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली, विहिरी खणल्या. म्हणजे एका हातानं प्रार्थना आणि दुसऱ्या हातात कुदळ. वडिलांच्या घरात कुदळीला जागा नव्हती.

म्युलरविषयी इथं थोडं थांबते, कारण त्यांचं नाव आमच्या मंडळ्यांत फार घेतलं जातं आणि अर्धंच सांगितलं जातं. हा मूळचा प्रशियातला माणूस. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यानं अनाथ मुलांसाठी घरं चालवली. आयुष्यभरात दहा हजारांहून जास्त मुलं सांभाळली, कर्ज काढलं नाही आणि कुणाकडे पैसे मागितले नाहीत. इतकं सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. म्युलर आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ठेवायचे, पावती द्यायचे आणि दरवर्षी संपूर्ण हिशेब छापून लोकांसमोर ठेवायचे. त्यांचे टीकाकार म्हणायचे, हे अहवाल छापणं म्हणजे आडून मागणंच आहे. टीकेत तथ्य आहे, मला ते नाकारायचं नाही. अहवाल वाचून लोक देत होते हे उघड आहे. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. ज्यानं आपला धनी देव मानला, त्यानं वही लपवली नाही. आमच्याकडे उलटं होतं. 'देवाचं काम आहे' म्हटलं की हिशेब विचारणारा अविश्वासू ठरतो. मिशनच्या काळातल्या जमिनी आणि बंगले कुणाच्या सहीनं कुणाच्या घशात गेले याचे खटले गावोगावी चालू आहेत. त्यांतले निम्मे जरी खरे असतील तरी आपण देवावर नाही, वहीच्या अंधारावर विसंबून होतो असंच म्हणावं लागेल.

आता खऱ्या अवघड जागेकडे येते. ख्रिस्ती सेवा आणि धर्मांतर.

हा वाद आजचा नाही. शारदा सदन तोवर पुण्याला आलं होतं, आणि १८९३ मध्ये त्यावरून तो पेटला. रमाबाईंनी सदनात धर्म शिकवायचा नाही असं मान्य केलं होतं. पण त्या स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार लावून घेत नसत. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसत. 'केसरी'नं कडाडून टीका केली. सल्लागार म्हणून सोबत असलेले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या समाजात ही गोष्ट सांगताना रमाबाई एकट्या विरुद्ध सारं पुणं असं चित्र रंगवलं जातं. मी ते तसं सांगत नाही. दार उघडं ठेवणं हा त्यांचा हक्क होता असंच मला वाटतं. पण पालकांची काळजीही खोटी नव्हती. मुलगी विधवा, केस काढलेली, घरच्यांनी टाकलेली. जिनं तिला जेवू घातलं, पुस्तक हातात दिलं, तिच्या प्रार्थनेत जाऊन बसावंसं वाटणं यात मुलीची इच्छा किती आणि उपकाराचं ओझं किती, हे बाहेरून मोजायचं कसं?

याच सदनातली एक मुलगी गोदूबाई. बालविधवा. इथं शिकली, १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती बाया कर्वे झाली. ती हिंदूच राहिली. पुढं कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्याला गेला, आणि त्यातून महाराष्ट्रातल्या बायकांच्या शिक्षणाचं केवढं मोठं झाड उभं राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे शारदा सदनात पेरलेलं बी दुसऱ्याच्या शेतात उगवलं. ख्रिस्ती माणसाला याचं वाईट वाटावं का? मला तर यात सेवेची सगळ्यात स्वच्छ साक्ष दिसते. घेणारी मोकळी राहिली, आणि मोकळी राहिली म्हणूनच तिच्या हातून पुढचं घडलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी, विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या मुलींना घेऊन आल्या. सुमारे तीनशे. पुण्यात प्लेग होता, तिथं एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभारल्या. १८९८ ला मुक्ती सदन झालं. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. असोसिएशनच्या वचनाची दहा वर्षं नेमकी त्याच सुमारास संपत होती, आणि खायला तोंडं मात्र कितीतरी पटींनी वाढली होती. हिशेबी माणसानं त्या वेळी दार लावून घेतलं असतं. रमाबाईंनी माणसं आत घेतली आणि कामं वाढवली. शेती, गोठा, हातमाग, तेलाची घाणी, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवली. टाकलेल्या, फसवलेल्या बायकांसाठी कृपा सदन निराळं काढलं, कारण त्यांना इतर कुठंही जागा नव्हती.

छापखान्याविषयी सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. रमाबाई पन्नाशीकडे झुकलेल्या असताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायला बसल्या. संस्कृतात शास्त्र्यांची सभा जिंकून 'पंडिता' आणि 'सरस्वती' झालेली ही बाई. तिनं भाषा निवडली ती खेड्यातल्या बाईला कळेल अशी. आणि ते पुस्तक जुळवलं कुणी? दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींनी. अक्षरांचे खिळे एकेक करून उचलायचे, उलटे वाचायचे, ओळ बसवायची, फर्मा बांधायचा. जिला दहा वर्षांपूर्वी मूठभर दाण्यांसाठी कुणीही घेऊन गेलं असतं तिच्या बोटांत आता अक्षरं होती. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरीही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं.

तरीही मघाचा प्रश्न इथं सुटत नाही, उलट टोकदार होतो. मुक्तीमध्ये कसलीच अट लपवलेली नव्हती. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथं पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात सगळं गमावलेल्या मुलीनं घेतलेला बाप्तिस्मा मोकळ्या मनाचा होता का? काहींचा नक्कीच होता, त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून ते दिसतं. सगळ्यांचा होता असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. रमाबाईंवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हा प्रश्न मी दडपणार नाही.

आज देशातल्या अनेक राज्यांत धर्मांतराविरुद्ध कायदे आहेत आणि त्यांत 'प्रलोभन' हा शब्द आहे. या कायद्यांना माझा विरोध आहे. गरीब माणसाला स्वतःचं मन नसतं, त्याला कुणीही भाकर दाखवून कुठंही नेऊ शकतं, हे त्यांमागचं गृहीत मला अपमानकारक वाटतं. प्रार्थनेला जमलेल्या साध्यासुध्या माणसांवर या कायद्यांच्या नावाखाली दंडेली होते तेव्हा गप्प बसणं चूक आहे. पण कायदा चुकीचा आहे म्हणून प्रलोभन बरोबर ठरत नाही. या बाबतीत आपण कायद्यापेक्षा जास्त कडक असलं पाहिजे, आणि त्याचं कारण पोलीस नाहीत, आपलं शास्त्र आहे. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत आला तो एक, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीच्या नवांबद्दल त्यानं 'ते कुठं आहेत?' असं विचारलं जरूर, पण त्यांचं बरेपण परत घेतलं नाही. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी जे उजवीकडे उभे आहेत त्यांना तर आपण कुणाला जेवू घातलं हेच ठाऊक नाही. 'प्रभो, आम्ही तुला भुकेलेला केव्हा पाहिलं?' असं तेच विचारतात. त्यांच्याकडे यादी नाही, फोटो नाही.

देवावर विसंबण्याचा आणि या मोकळेपणाचा संबंध मला असा दिसतो. फळ देणं जर देवाच्या हाती आहे, तर ते खुडून आणायची घाई मी का करावी? जो मंडळीची संख्या वाढवायला तांदळाचं पोतं वापरतो त्याचा विश्वास तांदळावर आहे.

जामखेडचं उदाहरण याच वाटेवरचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. १९७० मध्ये ते त्या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्याचं काम करायला आले. मोठं इस्पितळ बांधून लोकांना रांगेत उभं करणं त्यांना शक्य होतं. त्यांनी गावच्याच बायकांना शिकवलं. त्यांतल्या कितीतरी दलित, निरक्षर, नवऱ्यानं टाकलेल्या. बाळंतपण, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी, पोषण, कुष्ठरोगाची लक्षणं ओळखणं, हे सगळं त्या बायका करू लागल्या. जिच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तिच्या हातात गावानं बाळंतीण सोपवली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी की डॉक्टरांनी ज्ञानावरची मालकी सोडली. आपल्यावाचून लोकांचं अडावं ही सेवा करणाऱ्याची सगळ्यात गोड लागणारी वसुली असते, आणि ती त्यांनी नाकारली.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली तीही मला याच रांगेतली वाटते. मिशनच्या पगारावर ख्रिस्त सांगणारा माणूस आपल्या लोकांना परक्याचा नोकर दिसतो, हे त्यांना खुपत होतं. सगळ्यांनी पगार सोडावेत असं मी म्हणणार नाही. घरात लक्ष्मीबाईंसारखी सोसणारी बाई असल्यावर असे निर्णय घेणं पुरुषाला सोपं जातं, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

२०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचे नियम कडक झाले. नवी दिल्लीतल्या एकाच बँकशाखेत खातं, प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा, एका संस्थेनं दुसरीला पैसे देण्यावर बंदी. अनेक छोटी वसतिगृहं आणि दवाखाने अडचणीत आले. त्यांत अन्याय झाला असेल तर त्याविरुद्ध न्यायालयात जावं, बोलावं, लिहावं. पण मला आमच्या बैठकांमध्ये आणखी एक प्रश्न ऐकायचा होता आणि तो ऐकू आला नाही. बाहेरचा पैसा आटल्याबरोबर आपली सेवा आटत असेल तर आपण इतकी वर्षं कुणावर विसंबून होतो?

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. चुलीपाशी तिचा एक पत्र्याचा डबा असे. भाकरीचं पीठ मळायला घेताना ती त्यातली एक मूठ डब्यात टाकायची. रविवारी तो डबा मंडळीत जायचा आणि तिथून ज्याच्या घरी नड असेल त्याच्याकडे, मग ते घर ख्रिस्ती असो, मांगवाड्यातलं असो की मराठ्याचं. ज्या आठवड्यात आमच्याकडेच पीठ कमी असे त्या आठवड्यात मूठ लहान व्हायची, बंद व्हायची नाही. पीठ कुणाकडे गेलं हे आजीला माहीत नसायचं. पाळकसाहेब सांगत नसत आणि ती विचारत नसे. लहानपणी मी एकदा विचारलं, "आज्जी, आपलं पीठ कुणी खाल्लं?" ती म्हणाली, "ज्याला भूक होती त्यानं. तुला काय करायचंय?"

येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. मंडळीचा जमाखर्च दर महिन्याला बाहेरच्या फळ्यावर लागावा, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता येईल असा. आणि मदत घेणाऱ्या कुणाचाही फोटो काढू नये, त्याचं नाव कमिटीबाहेर जाऊ नये, मदत देतो त्या ठिकाणी त्याला धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नये किंवा उपासनेचं आमंत्रण देऊ नये. आमंत्रण द्यायचंच असेल तर ते एरवी द्यावं, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला देतात तसं, हातात पिशवी नसताना.

खजिनदारांशी मी आधीच बोलले. सज्जन माणूस आहेत, टाळेबंदीत स्वतःच्या स्कूटरवरून पिशव्या पोचवत होते. ते म्हणाले, "ताई, पहिला ठराव ठीक आहे. पण फोटो नसला तर देणगीदार देत नाहीत. निम्मी देणगी बंद होईल, मग वाटायचं काय?"

मी त्यांना म्हटलं, होऊ दे निम्मी. निम्म्या पिशव्या भरू. त्या बाईला पदर ओढावा लागणार नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही उघडली आणि २०२० च्या वाटपाचं पान काढलं. तिथं प्रत्येक नावापुढं फोटोचा क्रमांक होता.